भांड्यांवरची नावे

मराठी घरांत भांडे विकत घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. काही प्रमाणात ती अजूनही आहे. भांड्यांच्या दुकानातच नावे घालण्याचे छोटे यंत्र असे. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून देई आणि दुकानदार तो ताटाच्या काठावर किंवा डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत उमटवी: कोणी दिले, कोणाला दिले, कशाप्रीत्यर्थ दिले, आणि तारीख. या रिवाजाची पुष्कळ थट्टा झालेली आहे. देणाऱ्याची हौस, घेणाऱ्याची अडचण आणि दुकानदाराचे शुद्धलेखन, असे तिन्ही विषय विनोदाला पुरून उरतात. परंतु घराचा कर्ता किंवा कर्ती गेल्यानंतर घरातल्या शेकडो वस्तूंपैकी स्वतःबद्दल दोन शब्द सांगू शकणारी वस्तू बहुधा ही एवढीच असते. बाकीचे सारे घर मुके होते.

हे मुके घर रिकामे करण्याचा प्रसंग आज मध्यमवर्गीय कुटुंबांत वारंवार येऊ लागला आहे. एक मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, जुन्या सोसायटीची इमारत पुनर्विकासाला निघालेली, आणि हाताशी तेराव्यापर्यंतचे दिवस व त्यापुढचा फार तर एखादा आठवडा. तेवढ्या अवधीत दोन माणसांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संसाराची विल्हेवाट लावायची असते. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, कपाटांचे खण रिकामे होतात, आणि प्रत्येक वस्तू हातात घेतली की एक प्रश्न उभा राहतो. ही किल्ली कोणत्या कुलुपाची? या छायाचित्रात आजोबांच्या शेजारी उभा असलेला गृहस्थ कोण? हा स्टॅम्पपेपर महत्त्वाचा की कालबाह्य? ही जरीची साडी आईची, आजीची, की कोणा आत्याने ठेवायला दिलेली? ज्यांना उत्तरे ठाऊक होती, ती माणसे आता नाहीत.

अशा प्रसंगासाठी स्वीडनच्या भाषेत एक शब्द आहे: डोस्टेडनिंग. ‘डो’ म्हणजे मरण आणि ‘स्टेडनिंग’ म्हणजे साफसफाई. मार्गारेटा मॅग्नुसन या स्वीडिश चित्रकर्तीच्या २०१७ साली इंग्रजीत निघालेल्या पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला. आपल्या मागे राहणाऱ्यांना आपला पसारा उपसावा लागू नये म्हणून तो आपणच, हातपाय चालत आहेत तोवर, सावकाश आवरावा, एवढेच त्यांचे सांगणे. त्यांच्या दोन सूचना मला विशेष शहाणपणाच्या वाटतात. पहिली अशी की, सुरुवात छायाचित्रे आणि पत्रे यांच्यापासून करू नये, कारण त्यांत माणूस अडकतो आणि काम तिथेच थांबते. दुसरी अशी की, केवळ स्वतःपुरत्या मोलाच्या वस्तू एका खोक्यात ठेवून, आपल्या पश्चात हे खोके तसेच टाकून द्यावे, असे त्यावर लिहून ठेवावे. त्याच दशकात गाजलेल्या जपानच्या मारी कोंडो यांच्या पद्धतीहून हा विचार वेगळा आहे. कोंडो विचारतात, ही वस्तू मला आनंद देते का? मॅग्नुसन विचारतात, मी ही वस्तू ठेवली तर माझ्यामागे कोणाला तिचा आनंद होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकट्याला देता येते. दुसऱ्यासाठी दुसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो.

हा विचार आपल्याला परका नाही, असे कोणी म्हणेल. अपरिग्रह योगसूत्रांतल्या यमांत आहे आणि जैनांच्या पाच महाव्रतांतही आहे. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झाले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे धर्मशास्त्राने सांगून ठेवले. प्रत्यक्षात किती जण वनात गेले हा प्रश्न वेगळा. परंतु त्या कल्पनेत एक व्यवहारी गाभा होता. किल्ल्या हयातीतच दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आणि देताना कोणती किल्ली कशाची तेही सांगायचे. आपण वानप्रस्थ सोडला हे ठीकच झाले, पण त्याबरोबर हस्तांतराचा तो विधीही सोडला. आता हस्तांतर होते ते थेट मृत्यूच्या क्षणी, एका बाजूने काहीही न बोलता.

जुन्या पिढीला साठवणुकीची हाव होती, असा एक सोपा निष्कर्ष या ठिकाणी काढला जातो. तो मला अन्यायकारक वाटतो. ज्यांनी शिधापत्रिकेवरचा गहू निवडला, १९७२ चा दुष्काळ पाहिला, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहिली, त्यांना सुतळीचा तुकडा टाकवत नाही यात नवल कसले? शिवाय त्यांच्या काळात वस्तू साठून राहत नसे, ती फिरत असे. लुगडे विटले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे होई. जुने कपडे बोहारीण नेई आणि त्यांच्या मोबदल्यात, भरपूर घासाघीस करून, एखादे पातेले देऊन जाई. भांडे फुटके झाले की मोडीत जाई आणि नव्याच्या किमतीतून तेवढे वजा होई. प्रत्येक वस्तूला पुढचा जन्म होता आणि तो कोणता हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. ती साखळी तुटली. बोहारीण आता क्वचित दिसते, गोधडी शिवणारे हात उरले नाहीत, आणि घरात येणाऱ्या वस्तूंचा ओघ मात्र कित्येक पटींनी वाढला. ठेवण्याची सवय जुनी राहिली, बाहेर जाण्याच्या वाटा बंद झाल्या. अडगळ या दोहोंतून निर्माण झाली आहे.

याहून नाजूक मुद्दा स्त्रियांचा आहे. घर वडिलांच्या नावावर, बँकेचे पुस्तक त्यांच्या नावावर, शेताचा सातबारा त्यांच्या नावावर. बाईचे म्हणून जे काही होते ते फडताळात होते. पितळी डबे, ताम्हन, पुरणयंत्र, माहेराहून आलेला पाट, भिशीच्या पैशांतून घेतलेला स्टीलचा संच. ज्या वस्तूंवर तिचे नाव खरोखर कोरलेले होते त्या याच. अशा बाईला सत्तराव्या वर्षी, ‘आई, एवढी भांडी कशाला? काढून टाक आता,’ असे म्हणणे म्हणजे तिच्या मालकीचा एकमेव दस्तऐवज रद्दीत काढायला सांगणे आहे. म्हणून पसारा आवरण्याचा उपदेश कोण कोणाला करतो हे पाहिले पाहिजे. स्वतःच्या वस्तू स्वतःच्या गतीने आवरणे ही माया आहे. दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत आवरायला घेणे ही बहुतेक वेळा घाई असते, आणि त्या घाईमागे कधीकधी खोलीच्या चौरस फुटांचा हिशेब असतो.

साहित्य आणि इतिहास यांत रस असलेल्या वाचकाच्या मनात आतापावेतो आणखी एक आक्षेप आला असेल. आपल्या पूर्वजांनी वेळच्या वेळी साफसफाई केली असती तर आज आपल्या हाती काय उरले असते? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते लोकांची अडगळ धुंडाळतच. वाड्यांतून, मठांतून, माळ्यांवरून त्यांनी जुने कागद मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहामागेही हीच दृष्टी आहे. एका घराची अडगळ दुसऱ्या शतकाचे साधन होते.

आक्षेप वजनदार आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. राजवाड्यांच्या हाती जे लागले त्याच्या कित्येक पट कागद वाळवीने, पावसाने आणि चुलीने खाल्ले. का खाल्ले? वारसांना त्या रुमालांत काय बांधले आहे हे ठाऊक नव्हते म्हणून. मोडी वाचणारा आजोबा गेला आणि मोडी न वाचणारा नातू उरला की दप्तराचे सरपण व्हायला वेळ लागत नाही. नुसते ठेवल्याने काहीच टिकत नाही. टिकण्यासाठी ठेवणाऱ्याने पुढच्याला सांगावे लागते की हे काय आहे, आणि का ठेवले आहे. तेव्हा साफसफाई करणारा आणि संग्रह करणारा हे वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. दोघांचाही खरा शत्रू एकच: विस्मृतीत पडलेला ढीग.

भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली आलेल्या आपल्या कादंबरीला ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ असे नाव दिले. एरवी एकमेकांपासून दूर राहणारे ‘समृद्ध’ आणि ‘अडगळ’ हे दोन शब्द त्यांनी शेजारी आणून बसवले. याच्या उलट टोकाला महेश एलकुंचवार यांचे १९८५ साली रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ आहे. वडिलांच्या निधनानंतर धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात कुटुंब गोळा होते. वाड्यापाशी एक नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तो चालत नाही, विकला जात नाही, हलतही नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तेवढा लागतो. तेराव्याचा खर्च, जमीन, दागिने हे सारे प्रश्न त्या ट्रॅक्टरसारखेच वर्षानुवर्षे जागच्या जागी गंजलेले असतात आणि मरणाच्या निमित्ताने एकदम सगळ्यांच्या अंगावर येतात. अडगळ समृद्ध केव्हा असते आणि ट्रॅक्टर केव्हा होते, याचे उत्तर मला या दोन कलाकृतींच्या मधल्या जागेत सापडते. ज्या वस्तूची गोष्ट कोणाला तरी सांगता येते ती समृद्धी. जिच्याबद्दलचा निर्णय प्रत्येकाने पुढच्यावर ढकलला तो ट्रॅक्टर.

मागे राहणाऱ्यांवर खरे ओझे पडते ते न घेतलेल्या निर्णयांचे. वस्तूंचे वजन हमाल उचलतो. दोन दिवसांत टेम्पो भरून जातो. परंतु ‘हे टाकले तर चालेल का?’ या प्रश्नाचे वजन कोणताही हमाल उचलत नाही. वडिलांनी तीस वर्षे जपलेली वह्यांची चळत टाकताना मुलाला आपण वडिलांनाच टाकत आहोत असे वाटते. कदाचित वडिलांना त्या वह्यांचे काहीच नव्हते. त्या केवळ राहून गेल्या होत्या. एका वाक्याने मुलाची सुटका झाली असती, आणि ते वाक्य लिहायला वडिलांना अर्धा मिनिट लागला असता. म्हणून आवरणे या क्रियेचा पहिला अर्थ फेकणे असा न घेता सांगणे असा घ्यावा, असे मला सुचवायचे आहे. सांगून झाल्यावर फेकण्याजोगे आपोआप वेगळे पडते.

याची सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होते. छायाचित्राच्या मागे, मऊ शिसपेन्सिलीने, नावे, गाव आणि साल लिहावे. दागिन्यांच्या डबीत चिठ्ठी असावी: कोणाचे, कोणाकडून आले, कोणाला द्यायचे. कागदपत्रांची एकच धारिका असावी आणि ती कुठे आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे. ही सूचना किरकोळ वाटेल, पण तिच्या अभावी काय होते याला शासकीय व्यवस्थाच साक्षी आहे. बँकेतील ज्या खात्यावर वा ठेवीवर दहा वर्षे कोणी दावा केला नाही, तिची रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीकडे वर्ग करावी लागते; आणि अशा बेवारस ठेवींचा शोध लोकांना घेता यावा म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेला ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ उघडावे लागले. वारसांना ही रक्कम पुढेही मागता येते, पण ती आहे हे आधी ठाऊक हवे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका बँक ठेवीसाठी चारपर्यंत नॉमिनी नेमण्याची सोय झाली आहे. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो रक्कम स्वीकारतो, मालकी कोणाची हे इच्छापत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. तेव्हा नॉमिनीचे नाव भरून इच्छापत्र टाळणे म्हणजे ताटावर देणाऱ्याचे नाव घालून घेणाऱ्याचे विसरण्यासारखे आहे. आजकाल यात भ्रमणध्वनीचे कुलूप आणि ईमेलचा परवलीचा शब्द यांचीही भर पडली आहे. पूर्वी कपाटाचे कुलूप लोहार तोडून देई. हे कुलूप तोडून देणारा लोहार सहजासहजी मिळत नाही.

पुस्तकांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण असले लेख वाचणाऱ्यांच्या घरी पसाऱ्याचा मोठा वाटा त्यांचाच असतो. आपल्या पश्चात आपला संग्रह एखाद्या ग्रंथालयाला जाईल, अशी प्रत्येक ग्रंथप्रेमी माणसाची गोड समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, जागेच्या आणि मनुष्यबळाच्या अभावी अनेक ग्रंथालये सरसकट देणग्या स्वीकारायला नाखूष असतात. जी पुस्तके त्यांच्याकडे आधीच आहेत त्यांच्या आणखी प्रती घेऊन त्यांनी करायचे काय? चार हजार पुस्तकांचा ढीग कोणालाच नको असतो, पण त्यांतली चाळीस एखाद्या अभ्यासकाला हवी असतात, दोनशे एखाद्या शाळेला, आणि दिवाळी अंकांचे जुने संच ज्याला हवे असतात तो कुठेतरी ते शोधतच असतो. ही निवड संग्राहकाखेरीज कोणाला करता येणार? कोणत्या पुस्तकाच्या समासात टिपणे आहेत, कोणत्या प्रतीवर लेखकाची स्वाक्षरी आहे, कोणते नियतकालिक आता इतरत्र मिळत नाही, हे त्याच्या मुलांना कळण्याचे कारण नाही. हयातीत दिलेल्या पुस्तकाचा आणखी एक लाभ असतो: घेणाऱ्याशी त्या पुस्तकाबद्दल बोलता येते.

पत्रांचा प्रश्न याहून अवघड. पत्र ज्याला आले त्याच्याजवळ असते, पण त्यात खाजगीपण लिहिणाऱ्याचेही असते. संशोधक म्हणेल सगळे जपा. मी म्हणेन, हा अधिकार ज्याच्याजवळ पत्रे आहेत त्याचा, आणि तो त्याने वापरावा. जे कोणीही वाचू नये असे वाटते ते स्वतःच्या हातांनी नाहीसे करावे, अथवा मॅग्नुसन यांच्या खोक्यात टाकावे. जे वाचले जावे असे वाटते त्यावर तसे लिहावे. दोन्ही न करता मुलांच्या सुज्ञपणावर सोडून देणे हा विश्वास वाटला तरी प्रत्यक्षात ती त्यांच्यावर लादलेली परीक्षा असते.

या व्यवहारात मुलांचीही बाजू आहे, आणि ती क्वचितच पार पाडली जाते. म्हाताऱ्या माणसाने ‘माझ्यामागे हे कपाट...’ असे म्हणायचा अवकाश, की ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून आपण त्याला गप्प करतो. त्यात प्रेम असते, पण त्यापेक्षा आपली भीती अधिक असते. ज्या विषयावर बोलायला त्या व्यक्तीला मोठा धीर गोळा करावा लागला, तो विषय आपण एका वाक्यात मिटवतो. त्याऐवजी समोर बसून, ‘सांगा, काय आहे त्यात?’ असे विचारावे. आणि मुलांनी खरे उत्तरही द्यावे. आजीचे घंगाळ आपल्या दोन खोल्यांच्या घरात मावणार नसेल तर ‘मला नको’ असे आदराने सांगता आले पाहिजे. वस्तू नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे नव्हे. वडीलधाऱ्यांनीही देणगीला आज्ञा जोडू नये. ‘हे कधीही विकू नका’ असे सांगून दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात पुढचा ट्रॅक्टर होऊन उभी राहते.

आणि तरीही सगळे आवरून टाकू नये, असे मला वाटते. घर रिकामे करणे हे वारसांसाठी कष्टाचे काम असले तरी तो शोकाचाही एक प्रकार आहे. आईच्या साडीची घडी मोडून पुन्हा घालणे, वडिलांच्या चष्म्याच्या घरात सापडलेली बसची तिकिटे पाहत बसणे, यांत जे मन हलके होते ते कोणत्याही विधीने होत नाही. लख्ख रिकामे घर मागे ठेवून जाणाऱ्याने मुलांना कामातून सोडवले खरे, पण बिलगायलाही काही ठेवले नाही. एखादे कपाट भरलेले असू द्यावे. बहीणभावांना दोन संध्याकाळी त्यासमोर बसून हसता-रडता यावे, इतकाच पसारा असावा. वकील, रद्दीवाला आणि विमानाचे परतीचे तिकीट या तिघांच्या कात्रीत सापडावे इतका नसावा.

हे काम साठीत सुरू केले तर आनंदाचे होते, ऐंशीत सुरू केले तर दमवणारे, आणि आजारपणात बहुधा राहूनच जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर झाडण्याची आपली रीत आहेच. त्यातली एक दुपार दरवर्षी यासाठी राखून ठेवावी: एक खण उघडावा, कोणाला तरी शेजारी बसवावे, आणि ज्या वस्तूंवर नाव घातलेले नाही त्यांची नावे सांगावीत.